भोगलेलं आणि केलेलं : विज्ञान-अद्भुत खेळांतलं भय आणि अधःपात

मागच्या व्याख्यानात आपण अ‍ॅरिस्टॉटलच्या आधाराने चारित्र्याचा विचार केला. एका कृत्याने माणूस चांगला किंवा वाईट ठरत नाही, कृत्याची सवय होते आणि सवयीचा स्वभाव होतो, इथपर्यंत आपण आलो होतो. आज तोच धागा पुढे न्यायचा आहे, पण जरा वेगळ्या ठिकाणाहून. टेबलाभोवती बसून खेळायचे भूमिका-खेळ असतात, त्यांना टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात. त्यातले विज्ञान-अद्भुत प्रकारचे, म्हणजे सायन्स फॅन्टसीचे खेळ मी आज घेणार आहे. या जगांत अवकाशयानंही असतात आणि मंत्रशक्तीही.

प्रश्न असा आहे: माणूस भ्रष्ट होतो तो त्याच्या वाट्याला जे आलं त्यामुळे, की त्याने जे केलं त्यामुळे? तत्त्वज्ञानाच्या वर्गात आपण यावर तासभर बोलून ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ म्हणत उठू शकतो. खेळाचा नियम लिहिणाऱ्याला ती सवलत नाही. किती गुण वाढवायचे, कशामुळे वाढवायचे, किती झाले की संपलं, हे त्याला आकड्यात लिहावंच लागतं. म्हणून ही नियमपुस्तकं मला वाचाविशी वाटतात.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण बसतात. त्यातला एक जण गेम मास्टर, आपण त्याला सूत्रधार म्हणू. तो जग उभं करतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात. पात्राचं बळ, कौशल्य, दुखापत हे सगळं एका कागदावर असतं. ‘मी दार फोडतो’ असं खेळाडू म्हणाला, तर ते फुटलं की नाही हे फासे सांगतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली छापला गेला, तिथून हा प्रकार रूढ झाला. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. या खेळात खेळाडूच्या हातात खरं तर एकच वस्तू असते, ती म्हणजे ‘माझं पात्र आता काय करतं’ हे ठरवण्याचा हक्क. बाकी सगळं सूत्रधाराचं.

आता भयाकडे येऊ. सिनेमात आपण अंधारात बसून घाबरतो. टेबलावर दिवे लागलेले असतात, चहा-चिवडा चालू असतो, मित्र विनोद करत असतात. तिथे राक्षसाचं नुसतं वर्णन करून कुणी घाबरत नाही. राक्षस आला तर खेळाडू विचारतो, ‘याला किती मार लागेल?’ मग भय आणायचं कसं? खेळ लिहिणाऱ्यांनी उपाय शोधला तो असा, की खेळाडूच्या हातातली ती एकच वस्तू धोक्यात घालायची.

याची पहिली ठळक पायरी म्हणजे १९८१ सालचा ‘कॉल ऑफ कथुलू’. सँडी पीटरसन यांनी तो लव्हक्राफ्टच्या भयकथांवरून रचला. हा विज्ञान-अद्भुत प्रकारचा खेळ नव्हे, पण पुढच्या सगळ्यांनी इथून उचललं म्हणून याचं नाव घ्यायला हवं. यात पात्राला ‘सॅनिटी’, म्हणजे मनःस्वास्थ्याचे गुण असतात. भयंकर काही दिसलं की फासे टाकायचे आणि गुण कमी करायचे. त्यातली मेख पाहा. त्या गूढ शक्तींविषयी तुमचं ज्ञान जितकं वाढेल, तितकी मनःस्वास्थ्याची कमाल मर्यादा खाली येते. ९९ मधून तेवढे गुण वजा होतात. जगाला वाचवायला ज्ञान तर हवं, आणि तेच ज्ञान तुम्हाला पोखरतं. पण इथे पात्राने वाईट काहीच केलेलं नाही. त्याने फक्त पाहिलं. हे सगळं ‘भोगलेलं’ आहे.

दुसरी पायरी १९८७ सालची. वेस्ट एंड गेम्स या कंपनीने ‘स्टार वॉर्स’वरचा खेळ काढला. ‘स्टार वॉर्स’ म्हणजे विज्ञान-अद्भुत प्रकाराचा नमुनाच: अवकाशयानं, आणि शेजारी ‘फोर्स’ नावाची गूढ शक्ती. तिचा वापर दुष्टाव्यासाठी केला की पात्राच्या कागदावर ‘डार्क साइड’चा एक गुण लिहायचा. प्रत्येक नवा गुण आला की सहा बाजूंचा फासा टाकायचा. फाशावरचा आकडा एकूण गुणांपेक्षा कमी आला, तर पात्र अंधाऱ्या बाजूला गेलं. मग तो कागद सूत्रधाराच्या हाती द्यायचा. तुमचं पात्र यापुढे तुमचं नाही.

हिशोब करून बघू. पहिल्या गुणाला काही होत नाही, कारण एकापेक्षा कमी आकडा फाशावर नसतो. दुसऱ्याला सहांत एक शक्यता, तिसऱ्याला सहांत दोन, चौथ्याला सहांत तीन. म्हणजे चौथा गुण घेऊनही टिकून राहण्याची शक्यता शेकडा २८ च्या आसपास येते. पहिली चूक फुकट जाते हे यातलं सगळ्यात खरं निरीक्षण आहे. पहिल्या खोट्यानंतर आभाळ कोसळत नाही, म्हणून तर आपण दुसरं बोलतो.

इथे कोणी म्हणेल, हे अन्यायाचं आहे. दोघांनी सारखंच कृत्य केलं, एकाला पाच पडले आणि तो वाचला, दुसऱ्याला एक पडला आणि तो गेला. हा तत्त्वज्ञानातला नामांकित पेच आहे. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी १९७६ साली तो ‘नैतिक दैव’ या नावाने चर्चेत आणला. दोघे जण दारू पिऊन गाडी चालवतात. एकाच्या वाटेत माणूस येतो, दुसऱ्याच्या येत नाही. दोष सारखाच, पण आपण दोघांना सारखं मानत नाही. मात्र या खेळात फासा कृत्याच्या आधी पडत नाही, नंतर पडतो. फाशाने दुष्टावा करायला लावलेलं नाही. घसरण कधी संपेल तेवढंच दैवाकडे आहे, घसरण सुरू करणं खेळाडूकडे. अ‍ॅरिस्टॉटलचा दगडाचा दाखला आठवा: हातातून सुटलेला दगड परत घेता येत नाही, पण तो फेकणं न फेकणं आपल्या हाती होतं. हे ‘केलेलं’ आहे.

आता तिसरा खेळ, २००८ सालचा ‘डार्क हेरेसी’. हा ‘वॉरहॅमर ४०,०००’ या विश्वात घडतो. हजारो वर्षांनंतरचं एक प्रचंड साम्राज्य आहे, आणि जगामागे ‘वॉर्प’ नावाचं दुसरं अस्तित्व आहे, तिथे दैत्य वसतात. खेळाडू असतात धर्मन्यायालयाचे चाकर, पाखंड शोधणारे. इथे ‘करप्शन’चे गुण शंभरापर्यंत मोजतात. दर दहा गुणांना मनावर काही विकृती जडते का याची परीक्षा, दर तीस गुणांना शरीरावर काही उमटतं का याची परीक्षा. शंभर झाले की पात्र खेळातून गेलं.

हे गुण मिळतात कसे? दैत्याशी करार केला तर मिळतात, हे समजू शकतं. पण वॉर्पचा नुसता संसर्ग झाला तरी मिळतात. ज्याने स्वार्थासाठी सौदा केला तो, आणि ज्याच्यावर काही येऊन आदळलं तो, दोघांची नोंद एकाच रकान्यात होते. भोगलेलं आणि केलेलं यांची बेरीज होते.

मराठी माणसाला ही बेरीज अनोळखी नाही. आपल्याकडे तिच्यासाठी शब्द आहे: विटाळ. पाप करावं लागतं, विटाळ नुसता होतो. आणि आपल्या समाजाने शतकानुशतकं काय केलं? काहीही न केलेल्या माणसाला विटाळाच्या रकान्यात घातलं आणि पाप्यासारखं वागवलं. चोखोबांनी आणि सोयराबाईंनी चौदाव्या शतकात नेमकं इथेच बोट ठेवलं होतं. म्हणून हा नियम मला नुसता खेळाचा नियम वाटत नाही. संसर्गाला दोष मानणारं शासन काय करील? संशयितांना जाळील. त्या विश्वातलं धर्मन्यायालय तेच करतं. या खेळातलं सगळ्यात मोठं भय दैत्यांचं नाही. आपली पात्रं ज्या संस्थेची चाकरी करतात तिचं आहे. चांगला सूत्रधार हे खेळाडूंना जाणवू देतो. कच्चा सूत्रधार नुसते गुण मोजत बसतो.

आता चौथा खेळ: पुन्हा ‘स्टार वॉर्स’, पण २०१५ सालचा, ‘फोर्स अँड डेस्टिनी’. यात बारा बाजूंचा एक खास फासा आहे. सात बाजूंवर काळे ठिपके, पाच बाजूंवर पांढरे. पण काळ्या सातांपैकी सहा बाजूंवर एकेकच ठिपका, एका बाजूवर दोन. पांढऱ्या पाचांपैकी तीन बाजूंवर दोन-दोन, दोन बाजूंवर एकेक. बेरीज करा: काळे आठ, पांढरे आठ. शक्ती दोन्हीकडे सारखीच, पण अंधाऱ्या बाजूचं काहीतरी हाती लागण्याची शक्यता जास्त. मोह हा शब्द याहून नेमका मी आकड्यात पाहिलेला नाही.

प्रसंग कल्पा. मित्र कड्यावरून निसटतोय, फासा टाकला, सगळे ठिपके काळे. पांढरे ठिपके फुकट वापरता येतात. काळे वापरायचे तर किंमत आहे: मनावर ताण, आणि ‘कॉन्फ्लिक्ट’चे गुण. मित्राला वाचवायचं की हात स्वच्छ ठेवायचे? इथे राक्षस नाही, अंधार नाही, तरी टेबलावर सगळे गप्प होतात.

बैठक संपताना दहा बाजूंचा फासा टाकतात. तो कॉन्फ्लिक्टपेक्षा जास्त आला तर नीतिमूल्याचा आकडा फरकाइतका वर जातो, कमी आला तर खाली. सुरुवात साधारण ५० पासून असते आणि ३० च्या खाली गेलं की पात्र अंधाऱ्या बाजूचं. पण पात्र खेळाडूकडेच राहतं. परतीची वाटही राहते. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. वाईट घडणार हे ठाऊक असून गप्प बसलात, तरी या खेळात कॉन्फ्लिक्टचे गुण मिळतात. द्यूतसभेतले भीष्म-द्रोण आठवा.

आता एकच तुलना, आणि मग प्रश्न घेतो. ‘सायबरपंक’ या खेळमालिकेत शरीरात यंत्रं बसवली की माणुसकीचे गुण घटत. ज्याचा हात अपघातात गेला आणि ज्याने चांगला हात काढून शस्त्र बसवलं, ते दोघेही घसरणीला लागत. अपंग वाचकाला हा नियम वाचून काय वाटेल? २०२० च्या ‘सायबरपंक रेड’मध्ये फरक केला गेला: गमावलेला अवयव परत मिळवण्यासाठी बसवलेल्या वैद्यकीय यंत्राने माणुसकी कमी होत नाही. एवढ्याशा दुरुस्तीत विटाळ आणि पाप वेगळे झाले.

माझं म्हणणं एवढंच. दुःख, भय, आघात यांची नोंद खेळात जरूर व्हावी, पण वेगळ्या रकान्यात. भोगलेल्याने माणूस मोडू शकतो. भ्रष्ट होतो तो केलेल्याने. दोन्ही एकत्र लिहिलं की पीडित गुन्हेगार ठरतो, आणि गुन्हेगाराला ‘माझ्यावर वेळच तशी आली’ म्हणायची सोय होते.

चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली: “गीतेतली अधःपाताची साखळी इथे लागू होते का?” होते. विषयांचं चिंतन, आसक्ती, काम, क्रोध, मोह, मग स्मृतिभ्रंश आणि मग बुद्धिनाश. त्यातला स्मृतिभ्रंश बघा. घसरणारा माणूस आपण कुठून निघालो तेच विसरतो. खेळातला कागद विसरत नाही. तीन आठवड्यांपूर्वी काय केलंत त्याचा आकडा तिथे तुमच्याच अक्षरात असतो. आयुष्यात असा कागद नसतो, ही अडचण आहे.

दुसरी एका आईची आहे: “मुलगा असले खेळ खेळतो, त्याचं पात्र खलनायक झालं आहे. काळजी करावी का?” ताई, १९८० च्या दशकात अमेरिकेत अशा खेळांवर मोठं काहूर उठलं होतं, हे खेळून मुलं सैतानाच्या नादी लागतात म्हणून. म्हणजे पुन्हा विटाळच: खेळाला शिवलं की मूल बाटलं! पात्र आणि खेळाडू एक नव्हेत. पात्र घसरतं तेव्हा खेळाडू वर बसून ते बघत असतो. शिवाय आता पुष्कळ टेबलांवर फुली काढलेलं एक कार्ड ठेवतात, जॉन स्टाव्ह्रोपोलस यांनी सुचवलेलं. कुणाला प्रसंग सोसवेना झाला तर त्याने कार्डाला हात लावायचा, प्रसंग बदलतात, कारण विचारत नाहीत. मुलाला विचारा, तुमच्याकडे ते कार्ड आहे का. आणि विचारा, तुझ्या पात्राला पहिला गुण कशासाठी मिळाला. दुसऱ्याविषयी विचारायची गरज पडणार नाही, तो स्वतःच सांगू लागेल.

वेळ संपली. पुढच्या वेळी क्षमा आणि प्रायश्चित्त या विषयाकडे वळू.