रविवारची शिट्टी बुधवारी

कोपर स्टेशनात दोन रेल्वेमार्ग एकमेकांवरून जातात. खालून मुंबई-कल्याण, वरून वसई-दिवा. पश्चिमेला थोडं चालत गेलं की उल्हासची खाडी. इथल्या आसपासच्या मैदानावर फुटबॉलची स्पर्धा भरवणाऱ्याला ही जागा सोयीची. भिवंडीचा संघ वरच्या फलाटावर उतरतो, ठाण्या-कल्याणचे खालच्या. वादळाच्या दिवशी मात्र हीच सोय उलटते. कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं की कोपरला गाडी खोळंबते, खाडीला भरती आली की नाला उलटा फुगतो, आणि वरचं आभाळ तर कोणाच्याच हातात नसतं.

निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तौक्ते 17 मे 2021 ला मुंबईच्या समोरच्या समुद्रातून गुजरातकडे गेलं. दोन्ही वेळा टाळेबंदीमुळे मैदानं रिकामी होती. म्हणजे वादळ आणि सामने एकाच शनिवार-रविवारी आले तर काय करायचं, याचा सराव या दोन्ही वादळांनी आपल्याला दिलाच नाही. तो कागदावर करून ठेवता येतो. त्यासाठी आठवडाभर काय करायचं, ते वारानुसार पाहू.

बुधवार: वादळ कुठल्या जातीचं?

‘वादळ येतंय’ एवढं ऐकून काही ठरवता येत नाही. आपल्या भागात वादळाचे तीन प्रकार येतात आणि प्रत्येक जण आयोजकाला वेगळी मुदत देतो.

पहिलं चक्रीवादळ. अरबी समुद्रात ते मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतं. ऐन पावसाळ्यात वरच्या आणि खालच्या थरातले वारे वेगवेगळ्या दिशांनी जोरात वाहतात, त्यामुळे वादळाचा गोल खांब उभाच राहत नाही. पण मे म्हणजे उन्हाळी सुट्टीतल्या स्पर्धा, आणि नोव्हेंबर म्हणजे दिवाळीच्या सुट्टीतल्या. फयान चक्रीवादळ आलं तेही 11 नोव्हेंबर 2009 ला. वाऱ्याचा वेग ताशी 62 किलोमीटर झाला की हवामान विभाग त्याला चक्रीवादळ म्हणतो आणि नाव देतो. किनाऱ्याला इशारा साधारण 48 तास आधी, आणि ठाम चेतावणी 24 तास आधी मिळते. हे वादळ त्यातल्या त्यात सभ्य, कळवून येणारं.

दुसरा मोसमी मुसळधार पाऊस. त्याची मुदत एखाद-दोन दिवसांची. 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर ‘जोरदार’, 115.6 च्या वर ‘अति जोरदार’ आणि 204.4 च्या वर ‘अत्यंत जोरदार’, अशी हवामान विभागाची मोजणी आहे. हे 24 तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असे धरतात. त्यामुळे रविवारी पेपरात छापलेला आकडा शनिवारच्या सकाळपर्यंतचा असू शकतो.

तिसरा वळीव, आणि तोच सगळ्यात दगाबाज. 13 मे 2024 च्या सोमवारी दुपारी धुळीचं वादळ उठलं. घाटकोपरला अवाढव्य जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळून 17 जणांचा जीव गेला, आणि ठाणे-मुलुंडदरम्यान ओव्हरहेड वायरचा खांब वाकल्याने मध्य रेल्वेची लोकल अडली. अशा ढगाची नेमकी वेळ आदल्या दिवशी सांगता येत नाही. पुढच्या तीन तासांपुरता तात्काळ इशारा मिळतो, तो बघत राहावा लागतो.

म्हणून बुधवारी एकच प्रश्न सोडवायचा: येणारं वादळ आपल्याला दोन दिवस देणार, एक दिवस देणार की अर्धा तास? पुढची सगळी तयारी या उत्तरावर बेतायची.

गुरुवार: नियम कागदावर

पावसात भिजत, समोर दोनशे पोरं उभी आणि फायनल बाकी असताना माणूस नीट विचार करत नाही. ‘दहा मिनिटं थांबू, उघडेल’ हे वाक्य तिथूनच येतं. म्हणून थांबायचं कधी, हे कोरड्या अंगाने आधीच लिहून घ्यायचं आणि प्रत्येक संघाच्या कप्तानाची सही घ्यायची.

कागदावर चार गोष्टी हव्यात. एक, निर्णय कोणाचा. सामना सुरू होईपर्यंत आयोजकांपैकी एकाच माणसाचा, समितीचा नव्हे. सुरू झाल्यावर रेफरीचा. फुटबॉलच्या नियम क्रमांक 5 नुसार सामना थांबवणं, स्थगित करणं किंवा सोडून देणं हा अधिकार त्याचाच आहे.

दोन, कोणत्या आकड्याला. उदाहरणार्थ, शनिवारी संध्याकाळी सहाच्या अंदाजात ठाणे जिल्ह्याला रविवारचा लाल इशारा असेल, तर सामने नाहीत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. एक लक्षात ठेवायचं की रंग अख्ख्या जिल्ह्याला मिळतो, आणि ठाणे जिल्हा खाडीपासून मुरबाड-शहापूरच्या डोंगरांपर्यंत पसरला आहे. कोपरला ऊन पडलं म्हणून इशारा खोटा ठरत नाही. घाटमाथ्याकडचा पाऊस उल्हास नदीतून काही तासांनी आपल्याकडेच येतो.

तीन, अर्धवट सामन्याचं काय. नियम क्रमांक 7 सांगतो की सोडून दिलेला सामना पुन्हा खेळवायचा, पण स्पर्धेचे नियम वेगळं ठरवू शकतात. तेव्हा गोल धरायचे की शून्यापासून, हे आधीच लिहा. 28 जून 2025 ला अमेरिकेतल्या शार्लट शहरात क्लब वर्ल्ड कपमध्ये चेल्सी-बेनफिका सामना शेवटची चार-पाच मिनिटं राहिली असताना विजांमुळे थांबला. सुमारे दोन तासांनी सुरू झाल्यावर बेनफिकाने बरोबरी साधली आणि शेवटी चेल्सी जादा वेळेत जिंकलं. तिथे गोल धरायचे की नाहीत यावर भांडण झालं नाही, कारण ते आधीच ठरलेलं होतं.

चार, पर्यायी तारीख. ती नसली की प्रत्येक जण ‘आजच उरकून घेऊ’ म्हणतो. हातात दुसरा रविवार असला की आजचा सोडणं सोपं जातं.

शुक्रवार: पंचांग आणि खाडी

पाऊस किती पडेल, याइतकंच तो कधी पडेल हे महत्त्वाचं. डोंबिवली पश्चिमेचे नाले खाडीत उतरतात. भरतीच्या वेळी खाडीची पातळी नाल्याच्या तोंडापर्यंत चढते आणि आतल्या पाण्याला बाहेर वाट मिळत नाही. तोच पाऊस ओहोटीला पडला तर तासाभरात निघून जातो.

भरतीची ढोबळ वेळ काढायची किनाऱ्यावरची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करा. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसातून दोनदा, म्हणजे तीच वेळ दिवसा आणि रात्रीही. ही वेळ समुद्राकाठची आहे. खाडीतून आत कोपरपर्यंत पाणी चढायला आणखी वेळ लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण सगळ्यात उंच, अष्टमीच्या आसपासचा भांग नरम. द्वितीयेला समुद्रावर दीडच्या सुमाराला भरती असेल, तर दुपारी चारचा सामना ठेवण्यापेक्षा सकाळी साडेसातचा बरा.

त्याच बरोबर बारवी धरणाच्या विसर्गाची बातमी ऐकायची. बारवीचं पाणी उल्हासला मिळतं. आधीच भरलेली नदी आणि वरून उधाण, असा योग आला की खाडीकाठच्या मैदानाचा नाद सोडायचा. 26 जुलै 2005 च्या पुरात, आणि 2019 च्या जुलैमध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली तेव्हा, उल्हास किती पसरते हे सगळ्यांनी पाहिलं आहे.

शुक्रवारीच मांडववाल्याला फोन करायचा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी वीस किलोमीटरला छान फडफडणारी कनात साठला नऊपट जोराने ओढली जाते, आणि खुंट उपटले की बांबू भाल्यासारखे सुटतात. तेव्हा कापड उतरवायचं, फ्लेक्स गुंडाळायचे, कमान पाडून ठेवायची. सुटे गोलपोस्ट जाळी काढून जमिनीवर आडवे घालायचे आणि एकमेकांना साखळीने बांधायचे. गोलपोस्ट जमिनीत घट्ट हवा, हा तर फुटबॉलचा पहिल्याच कलमातला नियम आहे. टर्फ असेल तर भोवतीची उंच जाळीही शिडासारखी वारा धरते. मालकाला विचारून ती खाली घ्यायला सांगा.

शनिवार: मैदान

पूर्ण आकाराचं मैदान 100 बाय 64 मीटर धरलं, तर 100 मिलिमीटर पावसात त्यावर 6 लाख 40 हजार लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे 64 टँकर. हे बादल्यांनी आणि झाडूने काढणार कोण? म्हणून पाणी काढण्याच्या आधी त्याला वाट द्यायची. उताराच्या बाजूने वीतभर खोल चर, त्याचं तोंड गटाराकडे, गटाराच्या जाळीवरचा प्लास्टिकचा कचरा साफ. ओल्या मातीवर रोलर फिरवायचा नाही. माती दाबली की पाणी जिरायचंच थांबतं. फक्की रविवारी सकाळीच मारायची, शनिवारी मारली तर ती रात्रीच गटाराला लागते.

छप्पर असलेल्यांचीही फजिती होते. 16 ऑक्टोबर 2012 ला वॉर्सामध्ये पोलंड-इंग्लंड सामन्याच्या वेळी स्टेडियमचं सरकतं छप्पर उघडंच राहिलं, मैदानाचं तळं झालं आणि सामना दुसऱ्या दिवशी खेळवावा लागला. यंत्र होतं, पण ते वेळेवर चालवायचं कोणी ठरवलं नव्हतं.

संध्याकाळी सहाला कागद काढायचा, अंदाज बघायचा, निर्णय द्यायचा. वडापाववाल्याला, रेफरींना, पाहुण्या संघांना एकाच वेळी निरोप. वसई-दिवा मार्गावर गाड्या मोजक्याच. भिवंडीची पोरं सकाळी सहाला घरातून निघालेली असताना रद्द केलेला सामना म्हणजे त्यांचा रविवार आपणच वाया घालवणं.

रविवार: चेंडू, कान आणि घड्याळ

सकाळी रेफरीबरोबर मैदानात चेंडू घेऊन फिरायचं. कमरेएवढ्या उंचीवरून सोडा, उसळला पाहिजे. जमिनीवरून ढकला, मध्येच रुतून थांबता कामा नये. दोन्ही पेनल्टी क्षेत्रांत आणि मध्यभागी ही परीक्षा घ्यायची.

मग कान आभाळाकडे. वीज चमकली की मोजायला लागा. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे तीस सेकंदांत साधारण दहा किलोमीटर. गडगडाट तीस सेकंदांच्या आत आला तर ढग आपल्यावर वीज टाकू शकतो. शिट्टी वाजवा, मैदान रिकामं करा आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबा. मध्ये पुन्हा गडगडलं की घड्याळ परत शून्यावर. 15 जून 2012 ला युरो स्पर्धेत डोनेत्स्कला युक्रेन-फ्रान्स सामना पहिल्या पाच मिनिटांतच असा थांबला होता, आणि जवळजवळ तासाभराने सुरू झाला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळच्या विजांची सूचना देतं, पण ॲप उघडायला विसरलेल्या माणसालाही कान असतात. आसरा पक्क्या इमारतीचा किंवा काचा बंद केलेल्या गाडीचा. झाड, मांडव आणि गोलपोस्ट हे आसरे नव्हेत.

फ्लडलाइटच्या खांबाजवळ पाणी साचलं तर आधी मेन स्विच बंद. तुटलेल्या तारेची खबर महावितरणच्या 1912 वर, बाकी आपत्तीची 1077 किंवा 112 वर.

सोमवार: नडग्या

एवढं करूनही कोणी साचलेल्या पाण्यातून चालत घरी गेलाच, तर एक गोष्ट राहते. फुटबॉल खेळणाऱ्या पोराची नडगी कायम खरचटलेली असते, आणि लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या मुतातून अशाच जखमेवाटे शिरतात. घरी गेल्यावर साबणाने पाय धुवायचे आणि तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवायचं. ताप यायची वाट बघायची नाही.

आणि समजा, रद्द केलेल्या रविवारी लख्ख ऊन पडलं? पडेलही. लोक हसतील. कप्तानांच्या सह्यांचा कागद त्याच दिवसासाठी आहे. तो फाइलीत ठेवायचा, दुसऱ्या रविवारी चेंडू आणायचा आणि फक्की सकाळीच मारायची.