बाभळीचा डिंक, दिव्याची काजळी

होळी झाली की मोताळ्याच्या शिवारात बाभळीला डिंक सुटतो. राजूर घाट उतरून खाली आलं की मलकापूरपर्यंत काळी जमीन, पऱ्हाट्या उपटून मोकळी झालेली, आणि बांधाबांधावर बाभूळ. शाईसाठी फिकट, मधासारखा डिंक निवडायचा. काळपट डिंकात सालीचा कचरा फार. मी तो खरवडत असताना बकऱ्या चारणारे एक आजोबा थांबले. "लाडूले पाह्यजे का?" शाईला, म्हटलं. "शाई तं दुकानात भेटते."

भेटते खरी. पण बाटलीतल्या पक्क्या ड्रॉइंग शाईत बहुधा लाख असते. ती बोरूच्या चिरेत वाळली की बोरू गेला म्हणून समजा. आणि मला काळ्या रेघेचं वागणं मुळापासून पाहायचं होतं. कारण होतं इब्राहिम अल-सलाही या सुदानी चित्रकाराची तुरुंगातल्या दिवसांवरची वही.

जवसाच्या तेलाचा दिवा, जाड वात, वर पालथी पितळी ताटली. ज्योत ताटलीला जवळजवळ टेकली की काजळी भराभर धरते. ती पिसाने झाडायची. बोटाने काढली तर घरभर होते. खरी अडचण पुढे येते. काजळीला पाणी लागतच नाही, ती वर तरंगत राहते. म्हणून आधी भिजवून गाळलेल्या दाट डिंकात ती खलायची, पाणी मागाहून थेंबाथेंबाने. खलताना मनगट भरून येतं, पण इथे घाई केली की शाई कागदावर दाणेदार उतरते. डिंक कमी पडला तर वाळलेली रेघ बोटाला लागते, जास्त झाला तर ती चमकते आणि कागद वाकवला की तडकते. प्रमाण सांगता येत नाही. रद्दीवर ओढून बघायचं.

अल-सलाही यांचा जन्म १९३० चा, ओमदुर्मानचा. वडिलांच्या कुराणशाळेत ते लाकडी पाटीवर अक्षर गिरवायला शिकले. सुदानातल्या अशा शाळांमध्ये शाई होते ती काजळी आणि डिंक यांचीच. डिंकाच्या व्यापारात तर तो देश जगात पहिला. १९९७ मध्ये अमेरिकेने सुदानवर निर्बंध घातले, तेव्हा शीतपेयांना लागणारा डिंक मात्र पुढे त्यातून वगळला. आपली बाभूळ नाईलकाठीही वाढते, हे आजोबांना सांगायचं राहिलं.

लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकून ते मायदेशी परतले आणि पुढे सरकारच्या संस्कृती खात्यात अधिकारी झाले. १९७५ मध्ये बंडाच्या संशयावरून त्यांना खटला न चालवताच खार्तूमच्या कोबर तुरुंगात सहा महिने डांबलं. कागद सापडला तर एकांतकोठडी. ते मिळतील त्या चिटोऱ्यांवर पेन्सिलीच्या तुकड्याने काढत आणि चिटोरे वाळूत पुरत. सुटल्यावर, १९७६ मध्ये, पेन आणि शाईने ती वही झाली. आता ती न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. उभट चेहरे, आडव्यातिडव्या बारीक रेघा, शेजारी अरबी मजकूर.

या चिटोऱ्यांतूनच त्यांची पद्धत आली. एक तुकडा हे बीज. त्याच्या कडेवर आलेली रेघ शेजारच्या तुकड्यावर पुढे न्यायची, आणि पूर्ण चित्र अगोदर कुठेच आखायचं नाही. 'द इनेव्हिटेबल' हे १९८४-८५ चं मोठं चित्र असंच नऊ फलकांचं आहे. टीकाकार त्यात राजकारण बघतात आणि ते आहेच. मला मात्र आधी सांधे दिसतात.

म्हणून मी हातकागदाचे तुकडे केले. नाल्याकाठचा बोरू तिरपा तासला, मधोमध चीर दिली. चीर लांब झाली तर शाई ओघळते, आखूड राहिली तर उतरत नाही. बुडवल्यावर बोरूची रेघ जाड निघते आणि पुढे सुकत, खरखरीत होत जाते. सगळा घोळ इथेच होतो. पहिल्या तुकड्याच्या कडेला रेघ दमलेली पोचते. दुसऱ्यावर नव्या शाईने सुरुवात केली की सांधा ठळक होतो. उपाय साधा आहे: कडेच्या अलीकडे थांबायचं, बोरू पुन्हा बुडवायचा, एक टिपका रद्दीवर सोडायचा आणि मग दोन्ही तुकडे एकमेकांना भिडवून रेघ एका दमात पलीकडे न्यायची. पण त्यासाठी पलीकडचा तुकडा हाताशी हवा. वाळूत पुरलेल्या कागदाबाबत ही सोय नव्हती. त्या माणसाला रेघेची जाडी डोक्यात धरून ठेवावी लागली असणार. पेन्सिलीने ते थोडं सोपं. वहीतल्या शाईत मात्र खोडायला वावच नाही.

अगदी म्हातारपणी, ऑक्सफर्डला पाठदुखीने बसून, त्यांनी औषधांच्या रिकाम्या खोक्यांवरही चित्रं काढली. इथल्या औषधाच्या दुकानात तशी खोकी मागितली तर मिळतात. फक्त त्यांच्या आतला राखी पुठ्ठा शाई पितो आणि रेघ फुटते. त्यासाठी खलात डिंक थोडा वाढवावा लागेल, आणि तो पावसाळ्याआधीच गोळा करायला हवा.