मुलं लहान असताना घरी बांधलेली शिडाची होडी पूर्ण कशी होते?

आजच्या भागाचं हे लेखी रूप. बसमध्ये असाल, इयरफोन घरी राहिले असतील, तर वाचा.

गेल्या वेळी सहज बोलून गेले की मी घरच्या पडवीत 10 फुटी शिडाची होडी बांधली. त्यावर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न होडीचा नव्हताच. "दोन लहान मुलं सांभाळून वेळ कुठून काढला?" हा होता. खरं सांगू? वेळ काढला नाही. वेळ निघतच नाही. मग होडी कशी झाली, ते सांगते.

आधी थोडी माहिती. घरी होडी बांधायची म्हणजे जहाजाचा कारखाना लागत नाही. 1963 साली इंग्लंडमध्ये 'मिरर' नावाची छोटी होडी आली. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ती बनवली होती, आणि 'डेली मिरर' या वर्तमानपत्रावरून तिला नाव मिळालं. साधारण 11 फूट लांब, लाल शिडाची. घरातल्या माणसाला साध्या हत्यारांनी ती जोडता यावी, हा सगळा उद्देश. पद्धत अगदी कपडे शिवण्यासारखी. प्लायचे तुकडे कापायचे, कडेला भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने टाके घालायचे आणि तार पिळत जायची. सपाट तुकडे वळतात आणि होडीचा आकार आपोआप उभा राहतो. मग आतल्या सांध्यांत राळ भरायची, वरून काचेच्या धाग्याची पट्टी चिकटवायची. अशा हजारो होड्या लोकांनी गॅरेजमध्ये बांधल्या.

मी याच पद्धतीचा प्लॅन घेतला. प्लाय 6 मिलिमीटरचा, आयएस 710 चा. हाच मरीन प्लाय आपल्याकडे किचनच्या कपाटांना वापरतात, त्यामुळे रत्नागिरीत मिळायला अडचण आली नाही. तेव्हा मुलगी चार वर्षांची होती, मुलगा एकाचा. मला वाटलं, सहा महिन्यांत होईल.

लागली तीन वर्षं.

पहिल्या तीन महिन्यांत सांगाडा उभा राहिला. फोटो काढले, सगळ्यांना पाठवले. इथेच फसायला होतं. होडी दिसायला लागली की वाटतं, झालंच आता. पण आकार येणं हे सोपं काम. राळ, घासकाम, रंग, सुकाणू, डोलकाठी, दोऱ्या, हे सगळं पुढे असतं, आणि त्यातलं काहीच फोटोत दिसत नाही.

मग मे महिन्यातली ती दुपार. दोन्ही मुलं झोपलेली. मी मोठा कपभर इपॉक्सी कालवला. इपॉक्सी म्हणजे राळ आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणात मिसळायचे, मग ते आपोआप कडक होतं. कडक होताना ते गरम होतं. कपात उष्णतेला बाहेर पडायला जागा नसते, म्हणून ते आणखी तापतं, आणि तापलं की आणखी भरभर कडक होतं. आणि मे महिन्याची दुपार म्हणजे विचारूच नका. तेवढ्यात मुलगा रडत उठला. मी हातमोजे काढून आत गेले. पाचेक मिनिटांनी बाहेर आले तर कपातून धूर येत होता, कप वितळून वाकला होता, आणि मुलगी माझ्या मागून येऊन त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती.

तिला काही झालं नाही. पण मी तिच्यावर इतकी ओरडले, की ती दोन दिवस पडवीत आली नाही. चूक तिची नव्हतीच. काम अर्धवट सोडून जाता येणार नाही, असं काम मी अर्धवट सोडावं लागणार अशा वेळी काढलं होतं.

त्यानंतर सात महिने होडी ताडपत्रीखाली उपडी पडली. सासूबाई तिच्यावर पापड वाळत घालायच्या. एकदा म्हणाल्या, "अगो, बांधायची तर बांध, नाहीतर कोणाला तरी देऊन टाक. रोज तिच्याकडे बघून तोंड पाडतेस, ते पोरांना दिसतं." ते लागलं मला.

पुन्हा सुरू केलं तेव्हा एक गोष्ट बदलली. कामांची यादी केली आणि दोनच भाग पाडले: मध्येच टाकून उठता येईल असं काम, आणि टाकता न येणारं काम.

टाकता येणारी कामं: मापं घेणं, आखणं, भोकं पाडणं, डोलकाठी रंध्याने गोल करणं, दोऱ्यांची टोकं बांधणं. ही रोज 20 मिनिटं. मूल उठलं की हत्यार कपाटात, कपाटाला कुलूप, विषय संपला.

टाकता न येणारी कामं: इपॉक्सी, काचपट्टी, मशीनने घासणं. ही फक्त रविवारी सकाळी, नवरा मुलांना घेऊन घराबाहेर गेल्यावर. "घरातच आहे, बघतो मी" हे चालत नाही. इपॉक्सी अंगाला लागत राहिलं तर कायमची ॲलर्जी होऊ शकते, आणि पूर्ण न वाळलेल्या राळेची धूळ आणखी वाईट. म्हणून हातमोजे, मास्क, आणि मुलं आत येण्याआधी ओल्या फडक्याने फरशी पुसलेली. इपॉक्सीही थोडंच कालवायचं आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओतायचं. पसरलं की उष्णता निघून जाते आणि हातात जास्त वेळ मिळतो.

दुसरा नियम खडूचा. उठताना भिंतीवर एक ओळ लिहायची: पुढचं काम काय. "डाव्या बाजूची तिसरी पट्टी, 80 नंबरचा पॉलिश पेपर." लहान मुलांच्या घरात 20 मिनिटं मिळतात हो. पण त्यातली 15 "मी कुठे होते?" यातच जातात. ती त्या ओळीने वाचली.

तिसरं, पावसाळा. कोकणातल्या दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट थर येतो. तो पाण्याने घासून धुतला नाही तर वरचा रंग धरत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर राळ बंद. त्या चार महिन्यांत सासूबाईंच्या शिलाई मशीनवर ताडपत्रीचं शीड शिवलं. शिवलं म्हणजे, माझी शिवण तीनदा उसवून शेवटी त्यांनीच शिवलं.

आणि मुलांना खरं काम द्या. खेळण्यातली हातोडी देऊन कोपऱ्यात बसवलेलं त्यांना बरोबर कळतं. तारा पिळायचं वय माझ्या मुलीचं निघून गेलं होतं, कारण तेव्हा मी तिला जवळ येऊ दिलं नव्हतं. आता तिला आठाची गाठ शिकवली. शिडाच्या दोरीच्या टोकाला ही गाठ नसेल तर दोरी कप्पीतून निसटते. होडीवरच्या सगळ्या आठाच्या गाठी तिच्या आहेत. मुलाने नाव ठेवलं: बांगडा.

शेवटी "पूर्ण" म्हणजे काय, ते ठरवावं लागतं. मी कागदावर लिहिलं: तरंगते, वळते, उलटली तरी बुडत नाही. एवढंच. आतलं वॉर्निश, सुंदर अक्षरातलं नाव, गादी, हे सगळं पाण्यात उतरल्यानंतर. ही यादी केली नसती तर आजही मी पॉलिश पेपर मारत बसले असते.

अष्टमीच्या दिवशी, भांगाच्या भरतीला, भाट्याच्या खाडीत होडी उतरवली. उधाणाच्या दिवशी ओढ जास्त असते, नवख्याने तो दिवस टाळावा. आधी मी आणि नवऱ्याने कमरेएवढ्या पाण्यात ती मुद्दाम उलटी केली. हवेच्या बंद कप्प्यांवर तरंगत राहिली. मग लाइफ जॅकेट घालून मुलगी बसली. धाकट्याने जॅकेट घालायला साफ नकार दिला आणि बाबाबरोबर वाळूत थांबला. नियम म्हणजे नियम.

वारा अगदी मंद होता. मुलीने एकदा सुकाणू धरलं, मग दोरीच्या टोकाची गाठ तपासली आणि मला म्हणाली, "आई, तेव्हा तो कप मी पेटवला नव्हता हं."

तीन वर्षं तिच्या डोक्यात ते होतं. मी म्हटलं, "माहितीय गं. तो माझाच होता."

तर मंडळी, तुमच्याही घरात असं काही ताडपत्रीखाली पडलं असेल. होडी नसेल, गिटार असेल, अर्धवट कोर्स असेल. आज फक्त भिंतीवर एक ओळ लिहा, पुढचं काम काय ते. आणि त्या कामापायी घरात कोणावर ओरडला असाल, तर ते आधी मिटवा. भेटू पुढच्या भागात!