मृत्युपत्रात वाटलेली माणसे

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे मृत्युपत्र व्हर्जिनिया राज्यातील फेअरफॅक्स कौंटीच्या कोर्टाने आजही जतन करून ठेवले आहे. कौंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. ९ जुलै १७९९ रोजी वॉशिंग्टनने ते स्वतःच्या हाताने लिहिले आणि कोणत्याही वकिलाचा सल्ला घेतला नाही, असेही त्यात नमूद केले. (आम्हा वकिलांना हे वाचून बरे वाटत नाही, पण कागद चोख आहे.) डिसेंबरात त्याचा मृत्यू झाला आणि २० जानेवारी १८०० रोजी मृत्युपत्र कौंटी कोर्टात सिद्ध झाले. यातले एकच कलम जगभर कौतुकाने सांगितले जाते : वॉशिंग्टनने आपले गुलाम मुक्त केले. आमचे म्हणणे एवढेच की कलम पूर्ण वाचावे.

माउंट व्हर्नन या त्याच्या जहागिरीवर १७९९ साली ३१७ गुलाम होते. त्यातले १२३ त्याच्या मालकीचे. मुक्ती मिळणार होती ती यांनाच, आणि तीही पत्नी मार्था हिच्या मृत्यूनंतर. युद्धात सोबत राहिलेला विल्यम ली हा एकटा तात्काळ मुक्त झाला. त्याला वर्षाला ३० डॉलर लावून दिले. म्हाताऱ्या-आजारी गुलामांना पोसण्याची तरतूदही होती आणि ती पुढे तीस वर्षांहून अधिक काळ पाळली गेली, हे मान्य केलेच पाहिजे. मार्थाने १ जानेवारी १८०१ पासूनच या १२३ जणांना सोडले. पण उरलेल्यांपैकी बहुतेक गुलाम मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या, कस्टिस घराण्याच्या इस्टेटीतले होते. विधवेला त्यांचा फक्त हयातीपुरता उपभोग. कायद्याने त्यांना मुक्त करण्याचा अधिकार ना वॉशिंग्टनला होता, ना मार्थाला. दोन्हीकडच्या गुलामांची आपसात लग्ने झालेली होती. तेव्हा कुठे नवरा मुक्त आणि बायको गुलाम, कुठे उलट. मुले आईच्या मालकाची. १८०२ मध्ये मार्था मेली आणि कस्टिस इस्टेटीतील माणसे चार नातवंडांत वाटली गेली. एलिश नावाचा एक गुलाम मात्र तिच्या स्वतःच्या मालकीचा होता. त्याला ती सोडू शकत होती. तिने तो मृत्युपत्राने नातवाला दिला.

स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनचे मृत्युपत्र १८२६ चे. त्याने पाच जणांना मुक्त केले. त्यात जो फॉसेट नावाचा लोहार होता. व्हर्जिनियाच्या १८०६ च्या कायद्याप्रमाणे मुक्त झालेल्या गुलामाने वर्षाच्या आत राज्य सोडायचे, म्हणून या पाचांना राहू द्यावे, अशी विनंतीही जेफरसनने विधिमंडळाला करून ठेवली. पण इस्टेटीवर लाखाहून अधिक डॉलरचे कर्ज होते. जानेवारी १८२७ मध्ये माँटिसेलो येथे सुमारे १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. त्यात जो फॉसेटची बायको आणि मुले विकली गेली. मृत्युपत्राने बाप सोडवला, धनकोंनी घर मोडले. पुढे त्याने राबून त्यातील काहींना विकत घेऊन सोडवले. स्वतःच्या बायकोचे खरेदीखत करून घेणे म्हणजे काय, हे आम्ही कागदपत्रे हाताळणारेही नीट सांगू शकणार नाही.

ही दोन घरे प्रसिद्ध. बाकी हजारो मालक अप्रसिद्ध, पण पद्धत तीच. मालक मेला की कोर्ट शेजारच्या जमीनदारांतून तीन-चार पंच नेमी. ते घर, गोठा, शेत फिरून मोजदाद करीत. घोडा, नांगर, गादी, गुलाम, प्रत्येकापुढे किंमत. धडधाकट तरुणाची सर्वात जास्त, म्हातारीची काहीच नाही. पुष्कळदा आईच्या नावासोबत तान्ह्या मुलाचे नाव एकाच ओळीत, एकाच किमतीत. ही यादी कारकून मृत्युपत्रांच्या वहीत उतरवून घेई.

आणि आज याच वह्यांचे मोल मोठे आहे. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी पत्रके भरली गेली, पण त्यात मालकाचे नाव आणि गुलामाचे केवळ वय, लिंग, रंग. पूर्वीचे गुलाम नावानिशी जनगणनेत आले ते १८७० साली. त्याआधीचे नाव हवे असेल तर मालकाच्या मृत्यूचा कागद शोधावा लागतो. वारसांचे भांडण होऊ नये म्हणून ‘माल’ नीट ओळखू यावा, यासाठी ते नाव लिहिले गेले.

तेही सगळे उरलेले नाही. यादवी युद्धात अनेक कौंट्यांची कोर्टे लुटली, जाळली गेली. काहींनी आपली दप्तरे सुरक्षित म्हणून रिचमंडला पाठवली आणि एप्रिल १८६५ मध्ये ती तिथेच जळाली. जे वाचले, त्यातली ही नावे व्हर्जिनियाच्या राज्य ग्रंथालयाने आणि फेअरफॅक्सच्या कोर्टाने वेचून सूचीत लावण्याचे काम हाती घेतले. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्युबॉइस यांना पत्र लिहिले. म्हणून या सूचीकडे परक्याचा कागद म्हणून बघणे आम्हाला जमत नाही.

सूची झाली तरी शोध सोपा नाही. वहीत गुलामाला बहुधा आडनाव नसते. नुसती हॅना, नुसता जेम्स. वही लागते ती मालकाच्या आडनावाने. आपली खापरपणजी शोधायला निघालेल्या बाईला आधी हे ठाऊक असावे लागते की ती कोणाची मालमत्ता होती.