भग्न म्हणवत नाहीत असे अवशेष

श्रीलंकेत सिगिरियाचा खडक चढताना अर्ध्या वाटेवर एक भिंत लागते. तिचा गिलावा इतका घोटलेला होता की त्यात चेहरा दिसे, असं सांगतात; म्हणून ती आरसेभिंत. वरच्या कपारीत पाचव्या शतकातल्या चित्रांमधल्या सोनेरी कांतीच्या सुंदरी आहेत. अजिंठा पाहिलेल्या माणसाला त्या कुठे तरी भेटल्यासारख्या वाटतात. शतकानुशतकं खडक पाहायला आलेल्यांनी या सुंदरींना उद्देशून आरसेभिंतीवर बारीक अक्षरांत कविता कोरल्या. कुणी पुरुष भाळला, कुणी बाई नाक मुरडून गेली. पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी अशी ६८५ पद्यं वाचून १९५६ साली प्रसिद्ध केली. बहुतेक आठव्या ते दहाव्या शतकांतली. म्हणजे या देशात पर्यटक हा प्राणी हजार-बाराशे वर्षांपासून आहे, आणि भिंत दिसली की लिहायचं ही त्याची खोडही तितकीच जुनी.

२०१५ साली एका तरुणीने त्याच भिंतीवर आपलं नाव कोरलं. तिला दोन वर्षांची कैद झाली. पुढे राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली म्हणून सुटली. कायदा बरोबरच होता. पण बिचारी हजार वर्षं आधी आली असती, तर परणवितानांच्या पुस्तकात गेली असती!

आजची श्रीलंकेची सहल ज्या रस्त्याने जाते, तो आखला गेला १९८०च्या सुमाराला. अनुराधपूर, पोलोन्नरुव आणि कँडी या तीन राजधान्यांचा त्रिकोण धरून उत्खनन आणि डागडुजीसाठी केंद्रीय सांस्कृतिक निधी उभा राहिला. परदेशी पाहुण्यांच्या तिकिटाचे पैसे थेट विटा-चुन्याकडे वळवायचे, ही त्यातली शहाणी कल्पना. १९८२ साली अनुराधपूर, पोलोन्नरुव आणि सिगिरिया जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्या वर्षी देशात चार लाखांवर पर्यटक आले होते. आता सुगी, असं वाटायला लागलं, आणि १९८३च्या जुलैत तमिळविरोधी दंगलींत कोलंबो पेटलं.

पुढची २६ वर्षं सरकार आणि तमिळ वाघ यांच्यातल्या युद्धाची. या काळात श्रीलंकेच्या अवशेषांचं एक वेगळेपण फार क्रूरपणे समोर आलं. ते अवशेष नव्हतेच. अनुराधपूरचा बोधिवृक्ष, अशोककन्या संघमित्रेने आणलेल्या फांदीचा, आजही रोज पुजला जातो. १९८५च्या मे महिन्यात त्या शहरात आणि वृक्षाच्या आवारात गोळीबार झाला. शंभराहून अधिक माणसं गेली, त्यांत भाविक आणि भिक्षुणी होत्या. १९९८च्या जानेवारीत बुद्धाचा दात जपणाऱ्या कँडीच्या दंतमंदिरावर स्फोटकांनी भरलेला ट्रक आदळला. याच कँडीत १९५०च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले होते. महाराष्ट्रातून जाणाऱ्या बौद्ध यात्रेकरूला म्हणून कँडी हे नुसतं सहलीतलं एक ठिकाण वाटत नाही. निर्जीव पडक्या भिंतीवर हल्ला करून कुणाला दुखवता येत नाही. इथे येत होतं, म्हणून झाला.

२००४च्या त्सुनामीत गॉलच्या जुन्या डच तटबंदीने आतलं गाव वाचवलं, बाहेरचं गेलं. २००९ साली युद्ध संपलं तेव्हा वर्षाचे पर्यटक साडेचार लाखांच्या आत होते, २०१८ साली २३ लाखांवर. मग २०१९चे ईस्टरचे स्फोट, कोरोना, आर्थिक संकटातल्या पेट्रोलच्या रांगा. २०२४ साली आकडा पुन्हा २० लाखांच्या वर गेला आणि त्यांत सर्वांत जास्त भारतीय. आपल्या मंडळींच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र नुवरएलियाजवळचं सीतेचं देऊळ पक्कं असतं आणि अनुराधपूर ‘वेळ मिळाला तर’.

आणि वेळ मिळाला तरी माणसं स्तूपच पाहतात. अनुराधपूरचा जेतवन स्तूप पाहावाच, मूळ उंची सुमारे १२२ मीटर, प्राचीन जगात गिझाचे दोन पिरॅमिड सोडले तर त्याहून उंच काही नव्हतं. पण मला विचाराल तर या देशाचं खरं प्राचीन आश्चर्य म्हणजे त्याची तळी. सिंहलीत तळ्याला ‘वेव’ म्हणतात. पाचव्या शतकातला राजा धातुसेन याने कलावेव बांधला. तिथलं पाणी अनुराधपुरापर्यंत नेणारा कालवा सुमारे ८७ किलोमीटरचा, आणि काही पट्ट्यांत त्याचा उतार किलोमीटरला जेमतेम १० सेंटिमीटर. सिंहासन बळकावलेल्या मुलाने, कश्यपाने, बापाला खजिना कुठे लपवलाय म्हणून विचारलं, तेव्हा धातुसेनाने कलावेवात उतरून ओंजळीत पाणी घेतलं आणि माझी दौलत ती एवढीच, असं सांगितलं, अशी ‘चूळवंस’ या जुन्या बखरीतली कथा आहे. कश्यपाने बापाला मारलं आणि भीतीपोटी सिगिरियाच्या खडकावर महाल बांधला. त्या महालाची आज जोती उरली आहेत. कलावेवाच्या पाण्यावर अजून भात पिकतो.

जेतवन उभारणारा महासेनही तळी बांधणाराच. तिसऱ्या शतकातला त्याचा मिन्नेरिया तलाव उन्हाळ्यात ओसरला की उघड्या पडलेल्या तळावर कोवळं गवत उगवतं, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात शेकडो हत्ती तिथे जमतात. जीप भरभरून माणसं हे ‘निसर्गाचं आश्चर्य’ पाहायला जातात. त्या निसर्गाला बांध एका राजाने घातलेला आहे, हे जीपवाला सांगतोच असं नाही. आसपासची गावं महासेनाला मिन्नेरियाचा देव मानतात.

अलीकडे मोरगहकंद धरणाचं पाणी इकडे सोडलं जातं. त्यामुळे कोरड्या महिन्यांतही तलाव पूर्वीसारखा ओसरत नाही, गवताचा तळ बुडून राहतो आणि हत्ती दुसरीकडे वळतात, अशी वन्यजीव अभ्यासकांची तक्रार आहे. शेतकऱ्याला पाणी हवं, ते खोटं नाही. मात्र हत्तींसाठी जीपचं आरक्षण करण्याआधी आता तलावात पाणी किती आहे, ते विचारून घ्यावं लागतं.