वेळापत्रकात नसलेलं ग्रंथालय

जिल्हा परिषदेच्या पुष्कळ प्राथमिक शाळांमध्ये ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट असतं आणि त्याची किल्ली मुख्याध्यापकांकडे असते. कायद्याला यात काही गैर दिसणार नाही. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तकं हवीत. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असा हिशेबही त्याच परिशिष्टात आहे. ग्रंथपालाचा मात्र उल्लेख नाही. 2018पासून समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी वर्षाला पाच ते वीस हजार रुपये अनुदानाची तरतूद आली. पुस्तकं देण्याची सोय झाली, ती मुलांच्या हाती कोण आणि कधी देणार हे कुणी ठरवलं नाही. तपासणीत विचारलं जातं ते ‘पुस्तकं किती?’ एवढंच. प्राथमिक शाळेचं ग्रंथालय मुलांच्या किती उपयोगी पडतं हे त्यावरून कळत नाही. ते कळतं वेळापत्रकावरून: वाचनाला रोज वेळ आहे का, आणि त्या वेळी वर्गशिक्षक स्वतः पुस्तक हातात घेतात का.

या म्हणण्याला अडचणीचा ठरेल असा पुरावा आधी पाहू. कर्नाटकातल्या सरकारी शाळांमध्ये अक्षरा फाउंडेशनने ग्रंथालयं चालवली. एका शाळेत मुख्य ग्रंथालय, आसपासच्या शाळांना त्यातूनच पुस्तकं, आणि हे सारं सांभाळायला नेमलेला ग्रंथपाल, अशी रचना होती. अर्थतज्ज्ञांनी सोळा महिन्यांनी मुलांची भाषेची चाचणी घेतली, तेव्हा ग्रंथालय असलेल्या आणि नसलेल्या शाळांत फरक दिसला नाही. 2012मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष ग्रंथालयवाद्यांना आवडणारा नाही. फिलिपिन्समधल्या तारलाक प्रांताचा अनुभव मात्र वेगळा. तिथे शंभर शाळांच्या अभ्यासात चौथीच्या वर्गांना गोष्टींची पुस्तकं दिली, वर्गशिक्षकांना प्रशिक्षण दिलं आणि एकतीस दिवस रोज वर्गातच वाचन घेतलं. मुलांचं वाचन मोजण्याइतकं सुधारलं. तीन महिन्यांनी पाहिलं तर सुधारणा टिकून होती, पण निम्म्याच्या आसपास. दोन देश, दोन प्रयोग; त्यांची सरळ तुलना करता येत नाही हे मान्य. तरी दोन्ही शेजारी ठेवले की मला फरक दिसतो तो पुस्तकं शिकवण्याचा भाग झाली की बाहेरून आलेली जोड राहिली, याचा. आणि तीन महिन्यांतली घसरण सांगते की मोहिमेने भागत नाही. आपल्याकडे 2015पासून 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. दिवस चांगला आहे; प्रश्न 16 ऑक्टोबरचा आहे.

‘पण मुलांना वाचताच येत नाही, त्यांना ग्रंथालय कशाला?’ हा आक्षेप वजनदार आहे. 2022च्या ‘असर’ अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी 42.8 टक्के मुलंच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. मात्र पाठ्यपुस्तकातला धडा वर्गात इतक्यांदा म्हटला जातो की तो पाठ होतो आणि मूल वाचतंय की आठवतंय हे शिक्षकालाही कळत नाही. न पाहिलेलं पुस्तक समोर आलं की ते लगेच कळतं. शिवाय पानावर दोनच ओळी असलेल्या चित्रपुस्तकावर इयत्ता छापलेली नसते. पाचवीतलं अडखळणारं मूल ते लाज न वाटता उचलतं. तेच पहिलीचं पुस्तक वाचायला दिलं तर तो अपमान होतो. पहिली-दुसरीसाठी तर वाचणं म्हणजे आधी ऐकणं. माधुरी पुरंदऱ्यांच्या पुस्तकांत घरातली साधी माणसं साध्या मराठीत बोलतात. बाईंनी ती चित्रं दाखवत वाचली, मध्येच थांबून ‘आता काय होईल?’ विचारलं, की लिहिलेल्या भाषेची चाल मुलाच्या कानात बसते. अक्षरओळख त्यानंतर सोपी जाते. मोठ्या मुलांसाठी बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971पासून निघतंय. त्याचे जुने अंकही चालतात.

वेळ कुठून आणायचा? वर्षाला दोनशे दिवस आणि आठशे तास, हा पहिली ते पाचवीचा किमान हिशेब. रोजची वीस मिनिटं धरली तर सदुसष्ट तास होतात, म्हणजे साधारण आठ टक्के. भाषेच्या तासिकेतूनच ती काढता येतील. द्विशिक्षकी शाळेत तर हा भार नसून सोय आहे: एका इयत्तेला गणित शिकवताना बाकीच्या मुलांच्या हाती काय द्यायचं, हा तिथला रोजचा पेच असतो. कपाटाला कुलूप लागतं त्याचं खरं कारण आळस नव्हे, भीती आहे. बदली झाली की चार्ज देताना साठा नोंदवहीतलं प्रत्येक पुस्तक मोजून द्यावं लागणार असेल, तर शहाणा शिक्षक ती वापरायला काढणारच नाही. एस. आर. रंगनाथन यांनी 1931मध्ये मांडलेला पहिलाच नियम आहे की ग्रंथ वापरासाठी असतात. आपली दप्तरपद्धत ते जपण्यासाठी आहेत असं धरून चालते. फाटलेल्या गोष्टीच्या पुस्तकाचं निर्लेखन खडू संपण्याइतकं साधं करावं, आणि केंद्रप्रमुखांनी साठ्याऐवजी चौथीच्या मुलांनी लिहिलेली देवघेवीची वही मागावी. ज्या पुस्तकापुढे वर्षभर एकही नाव नाही ते का घेतलं, हाही प्रश्न मग आपोआप निघेल.

एक गोष्ट मात्र वेळापत्रक बदलून साधणार नाही. मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या किंवा गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्या मुलाला त्याच्या भाषेतली पुस्तकं हवीत, आणि ती अजून फार थोडी आहेत. तिथे लेखक, चित्रकार आणि छपाई यांवर पैसाच खर्च करावा लागेल.