स्पीकरची बैठक

घरांत गाणें ऐकण्यासाठीं स्पीकर घ्यावयाचा ठरला, म्हणजे त्याचा आवाज कसा आहे हें आपण प्रथम पाहतों, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या घरीं नुकतेंच उभें राहूं लागलेलें मूल आहे, किंवा दिवाणखान्याला आपलें क्रीडांगण समजणारें मांजर वा कुत्रें आहे, तेथें आवाजाच्याही आधीं एक प्रश्न विचारावयास हवा. धक्का लागला, तर हा स्पीकर उभा राहील काय?

"चांगला जड आहे, तो कसला पडतो!" असें उत्तर बहुधा मिळतें. तें फसवें आहे. जमिनीवर उभा राहणारा, १ मीटर उंच, २० सेंटिमीटर रुंद आणि १६ किलो वजनाचा स्पीकर घ्या. त्याचा गुरुत्वमध्य बरोबर मध्यावर आहे असें धरूं. ८० सेंटिमीटर उंचीवर बाजूनें ढकलल्यास तो कलूं लागण्यास किती जोर लागेल? वजनास पायाच्या निम्म्या रुंदीनें, म्हणजे १० नें, गुणावें आणि ८० नें भागावें. उत्तर येतें अवघें २ किलो! सुमारें ११ अंशांपलीकडे कलला, कीं तो परत फिरत नाहीं, आणि ज्या वजनावर आपण विसंबलों तेंच सारें मुलाच्या अंगावर येतें. तोच पाया दोन्ही बाजूंस ६-६ सेंटिमीटरांनीं रुंद केला, तर ३ किलोंहून थोडा अधिक जोर लागतो आणि कलण्याची मर्यादा १८ अंशांच्या जवळ जाते. म्हणून पसरलेल्या पायांचा स्पीकर केव्हांही बरा. तथापि त्याला धरून उभें राहणारें मूल एवढाही जोर सहज लावतें; तेव्हां पाठीमागून पट्टा लावून तो भिंतीशीं जखडावाच. कित्येक स्पीकरांखालीं अणकुचीदार टोंकें असतात. गालिच्यांतून आरपार जाऊन तीं जमिनीवर टेकावींत, हा त्यांचा हेतु. आपल्याकडील गुळगुळीत फरशीवर रबरी पायच बरे.

फडताळावर मावणारे लहान स्पीकर ही दुसरी जात. १९५४ सालीं अमेरिकेंत एडगर विलचर यांनीं सर्व बाजूंनीं बंद अशा लहान पेटींतून भरदार खर्ज काढण्याची युक्ति बाजारांत आणली. चांगल्या आवाजासाठीं कपाटाएवढी पेटी हवीच असें तेव्हांपासून उरलें नाहीं. असे स्पीकर बारीक खांबाच्या स्टँडवर ठेवले, कीं सारें वजन डोक्याशीं जातें. चार किलोंच्या मांजरानें वर उडी घेतल्यावर काय होतें, हें मांजर पाळणारांस सांगावयास नको. पोकळ खांबांत कोरडी वाळू भरल्यानें तोल सुधारतो, हें खरें. परंतु माझ्या मतें अशा घरीं स्टँड नकोच. खोल फडताळ किंवा भिंतीवरील ब्रॅकेट हीच त्यांची जागा. मात्र ब्रॅकेटचे स्क्रू नुसत्या गिलाव्यांत न राहतां आंतील विटांत वा काँक्रीटमध्यें पक्के बसले पाहिजेत. मागें वायुछिद्र असलेली पेटी भिंतीशीं नेली, कीं खर्ज घुमूं लागतो. बंद पेटीला तो त्रास कमी, शिवाय खडू आणि बिस्किटें आंत टाकण्याची मुलांची सोयही तींत नसते.

तारेचें दुखणें निराळें. उभ्या स्पीकरची तार बहुधा तळाशीं असते. ती ओढल्यास पेटी बहुधा नुसती सरकते. फडताळावरील पेटी मात्र तारेबरोबर खालीं येते. यास्तव तार मागून नेऊन फळीला आवळून टाकावी, म्हणजे ओढ फळीवर बसते. ज्या स्पीकरांत ॲम्प्लिफायर आंतच असतो, त्यांपैकीं पुष्कळांना विजेची तार थेट भिंतींतून जाते; दांत शिवशिवणारें पिल्लूं घरीं असेल, तर ती मुळींच उघडी राहतां कामा नये. पुढील जाळीही पत्र्याची व स्क्रूनें बसविलेली असावी. कापडावर मांजर नखें घासतें, आणि लोहचुंबकानें चिकटणारी सुबक जाळी दोन वर्षांचें मूल एका ओढीसरशी काढतें.

दुकानांत गाणें ऐकून झालें, कीं दुकानदाराच्या परवानगीनें एक हात आधाराला ठेवून, पेटीच्या वरच्या कडेला बाजूनें एका बोटानें हळूच ढकलून पाहावें. तेवढ्यानें ती डुलूं लागली, तर तिचा षड्ज कितीही सुरेल लागो, मूल थोडें जाणतें होईपर्यंत तिला दुकानांतच राहूं द्यावें.